काटेरी झुडूप आणि गव्हाचा तांबेरा



वसंतातली व्याख्याने आणि करवंदे ही दोन्ही एकाच सुमारास गावात येतात. इकडे येताना पानांचे द्रोण मांडून बसलेल्या बाया आपण वाटेत पाहिल्या असतील. त्यामुळे वनस्पतिशास्त्राचा मास्तर काटेरी झुडपावर बोलणार असे कळल्यावर, आज करवंदांचे पुराण ऐकायला मिळणार, असे आपल्यापैकी पुष्कळांनी धरून ठेवले असेल. त्यांची थोडी निराशा होणार आहे. माझे झुडूप काटेरी आहे, त्याला आंबटगोड फळेही येतात, पण ते महाराष्ट्रातल्या डोंगरांत मला कधी रानात भेटले नाही. त्याचे घर हिमालयात आहे, आणि दक्षिणेस निलगिरीत. त्याचे नाव दारुहळद. शास्त्रातले प्रजातीचे नाव बर्बेरिस.

इतक्या दूरच्या झुडपाशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या झुडपाचा संबंध आपल्या ताटातल्या पोळीशी आहे. अमेरिकेत या झुडपाविरुद्ध कायदे झाले, कोट्यवधी झुडपे मुळासकट उपटली गेली. आणि तोच आरोप आपल्या देशात आल्यावर एका हिंदी शास्त्रज्ञाने तो तपासून पाहिला, तेव्हा निकाल वेगळा लागला. हे कसे झाले ते मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम झुडपाची ओळख करून घेऊ. आपण सर्वांनी ते पाहिले नसले तरी काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे पिवळेधमक तुकडे पाहिले असतील. 'दारु' म्हणजे लाकूड. लाकडाची हळद ती दारुहळद. खऱ्या हळदीशी तिचे काही नाते नाही, साम्य रंगाचे. मुळाची किंवा खोडाची साल खरवडली की आतून पिवळा रंग निघतो. हा रंग बर्बेरीन नावाच्या द्रव्याचा. चवीला ते अतिशय कडू. चरकसंहितेत दारुहरिद्रा आहेच, आणि तिच्या सालीचा व खोडाचा काढा आटवून केलेले रसांजन आपले वैद्य डोळ्यांच्या विकारांवर पिढ्यानपिढ्या वापरीत आले. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही हिंदुस्थानातून येणाऱ्या 'लायकियम' नावाच्या औषधाची वाखाणणी आहे. ते कोणते, याचा उलगडा युरोपात कित्येक शतके होत नव्हता. सहारनपूरच्या सरकारी बागेवर काम केलेले डॉ. जॉन फोर्ब्स रॉइल यांनी १८३३ साली दाखवून दिले की, ते आपले रसांजनच.

या प्रजातीत पाचशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक आशियात आणि दक्षिण अमेरिकेत. युरोपातली सामान्य जात बर्बेरिस व्हल्गॅरिस. लिनीअसने १७५३ साली तिची नोंद केली. आपल्या हिमालयात बर्बेरिस अरिस्टाटा, बर्बेरिस लायसियम, बर्बेरिस एशियाटिका अशा अनेक जाती आहेत. हिमाचलात लोक त्यांना काशमल म्हणतात, कुमाऊँत किलमोडा. निलगिरीत बर्बेरिस टिंक्टोरिया सापडते.

आता काट्यांकडे वळू. काटा म्हणजे काटा, त्यात शास्त्र ते काय, असे वाटेल. पण झाडाने काटा कशाचा केला, हे पाहणे मोठे मौजेचे असते. गुलाबाचा काटा अंगठ्याने बाजूला दाबा, तो सहज निघून येतो. कारण तो नुसता सालीवरचा उंचवटा आहे. बाभळीचे आणि बोरीचे काटे ही पानाच्या तळाशी येणारी उपपर्णे आहेत, म्हणून ते जोडीने येतात. करवंदीचा काटा ही फांदी आहे. म्हणूनच तो कधीकधी दोन फाटे फोडतो. दारुहळदीचा काटा मात्र अख्खे पान आहे. बहुधा तो तीन टोकांचा असतो. हे ओळखावे कसे? पान जेथे फुटते तेथे त्याच्या बगलेत कळी असते, हा वनस्पतींचा नियम. दारुहळदीच्या प्रत्येक काट्याच्या बगलेत पहा, एक अगदी आखूड फांदी असते आणि तिच्यावर हिरव्या पानांचा झुबका. शिवाय जोमदार नव्या फांदीवर खालून वर पाहत गेले, तर आधी साधे पान, मग काटेरी कडांचे आक्रसलेले पान, आणि शेवटी निव्वळ तीन टोके, अशा पायऱ्याच दिसतात. लांब फांदीवरच्या पानांनी पहारा करायचा, आणि आखूड फांदीवरच्या पानांनी अन्न तयार करायचे, अशी ही वाटणी आहे.

फूल पिवळे, लहान, घोसाने येणारे. सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या तळाशी मधाच्या दोन ग्रंथी. सहा पुंकेसर, प्रत्येक आपापल्या पाकळीच्या खोलगट भागात मागे रेलून बसलेला. विद्यार्थ्यांना घेऊन मी एकदा शिमल्याला गेलो होतो. चैत्र-वैशाखाचे दिवस, झुडपे फुलांनी लवलेली. एका मुलीला मी चिडाची सुई दिली आणि पुंकेसराच्या तळाला आतल्या बाजूने हळूच स्पर्श करायला सांगितले. स्पर्श होताच पुंकेसर ताडकन आत उडाला. मुलगी दचकली आणि सगळे हसले. मधासाठी तोंड घालणाऱ्या माशीच्या अंगावर असाच तडाखा बसतो आणि तिच्यावर पराग माखला जातो. काही मिनिटांनी पुंकेसर पुन्हा मागे जाऊन बसतो. परागकोशही उभा चिरत नाही. त्याला दोन झडपा असतात, त्या खालून वर उघडतात. लाजाळूचे पान मिटते याचे आपल्याला नवल वाटते. तसलेच कसब या एवढ्याशा फुलात आहे.

फळ हे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत मृदुफळ, करवंदासारखेच. रंग जातीपरत्वे लाल, जांभळा किंवा निळसर काळा. युरोपी जातीचे फळ लाल आणि चांगलेच आंबट. इराणात ते वाळवून भातात घालतात. त्याला झरिश्क म्हणतात. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटीत ज्यांनी बेरी पुलाव खाल्ला असेल, त्यांनी दारुहळदीच्या एका बहिणीची फळे खाल्ली आहेत.

याप्रमाणे औषधी, रंगाची, खाण्याची आणि कुंपणाच्या उपयोगाची अशी ही वनस्पती. युरोपातले लोक अमेरिकेत वसाहती करायला गेले, तेव्हा मुरंब्यासाठी आणि कुंपणासाठी हे झुडूप बरोबर घेऊन गेले. पण थोड्याच काळात शेतकरी तक्रार करू लागले की, ज्या शेताच्या बांधावर हे झुडूप आहे तेथल्या गव्हावर तांबेरा पडतो. तक्रार इतकी वाढली की, कनेटिकट वसाहतीने १७२६ साली आणि मॅसॅच्युसेट्सने १७५५ साली ही झुडपे काढून टाकण्याविषयी कायदे केले.

तांबेरा आपल्याला नवा नाही. गव्हाच्या खोडावर, पानांवर विटकरी रंगाचे फोड उठतात, फुटतात, आणि शेतातून चालणाऱ्याचे धोतर त्या भुकटीने लाल होते. पुढे पीक पिकू लागले की तेच फोड काळे पडतात. दाणा चिमतो, पोत्यात फोलपट भरते. ही भुकटी म्हणजे एका बुरशीची बीजुके. बुरशीचे बी म्हणा. बुरशीचे नाव पुक्सिनिया ग्रॅमिनिस.

विद्वानांना शेतकऱ्यांचे म्हणणे पटेना. गव्हावरची बुरशी निराळी दिसते. दारुहळदीच्या पानाखाली नारिंगी रंगाच्या चिमुकल्या वाट्या दिसतात, त्या निराळ्या. शास्त्रज्ञांनी दोहोंना दोन नावे देऊन ठेवली होती. एकाच जिवाची ही दोन रूपे कशी असतील? सर जोसेफ बँक्स यांनी १८०५ साली शेतकऱ्यांच्या बाजूने शंका मांडली. डेन्मार्कमधल्या निल्स श्योलर नावाच्या एका शाळामास्तराने १८१६ साली रोगट पाने राय या धान्याच्या ताटांवर ठेवून तांबेरा उठवून दाखवला. पण खेड्यातल्या मास्तराचे कोण ऐकतो? अखेर १८६५ साली आंटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने पद्धतशीर प्रयोग केले आणि हे दोन्ही रोग एकाच बुरशीचे आहेत हे निर्विवाद ठरवले. शेतकऱ्याच्या डोळ्यांना जे दिसले, ते शास्त्राला पटायला सुमारे दीडशे वर्षे लागली.

द बारीने काय दाखवले ते आता क्रमाने पाहू. तांबडी बीजुके गव्हावरून गव्हावर जातात आणि दर पंधरवड्याला नवी पिढी काढतात. हंगामाच्या शेवटी काळी बीजुके होतात. त्यांचे कवच जाड. ती काडावर बर्फातला हिवाळा काढतात. वसंतात ती रुजतात आणि त्यांच्यापासून अगदी बारीक बीजुके हवेत उडतात. ही बीजुके गव्हावर पडली तर फुकट जातात. त्यांना दारुहळदीचे कोवळे पान लागते. त्या पानाखालच्या वाट्यांतून जी बीजुके निघतात ती पुन्हा दारुहळदीवर जगत नाहीत. त्यांना गहू लागतो. असा हा दोन घरच्या पाहुण्याचा संसार आहे.

पुढे १९२७ साली कॅनडात जॉन क्रेगी यांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली. पानाच्या वरच्या बाजूला मधासारखे बारीक थेंब येतात, त्यांवर माश्या बसतात. माशी एका थेंबावरून दुसऱ्या थेंबावर जाते, तेव्हा बुरशीच्या दोन निरनिराळ्या वंशांचा संकर होतो. म्हणजे ज्या झुडपाची फुले माशीकडून परागीभवन करून घेतात, त्याच झुडपाच्या पानावर बुरशीही माशीकडून आपले लग्न लावून घेते. या लग्नांतून तांबेऱ्याचे नवे वंश जन्मतात, आणि काल ज्या गव्हाला तांबेरा होत नव्हता त्याला आज होऊ लागतो.

१९१६ साली अमेरिकेत तांबेऱ्याची भयंकर साथ आली. महायुद्ध चालू होते, धान्याची निकड होती. १९१८ पासून सरकारने दारुहळदीच्या उच्चाटनाची मोहीम काढली. एल्विन स्टॅकमन हे तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. शाळेची मुले, शेतकरी, सरकारी माणसे घरोघर, कुंपणोकुंपणी हिंडली. झुडूप खणून मुळांवर मीठ टाकीत. डेन्मार्कने १९०३ सालीच असा कायदा केला होता आणि तेथे तांबेऱ्याच्या साथी ओसरल्या होत्या. अमेरिकेतही स्थानिक साथी कमी झाल्या, नवे वंश निपजण्याचे प्रमाण घटले. तरी १९३५ साली आणि १९५३-५४ साली मोठ्या साथी आल्याच, कारण दक्षिणेकडच्या उबदार मुलुखात तांबडी बीजुके गव्हावरच हिवाळा काढीत आणि वाऱ्याबरोबर उत्तरेला येत. गुन्हेगार एक सापडला होता, पण चोरवाटा दोन होत्या.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे तांबेऱ्याने केलेला नाश थोडाथोडका नाही. स्लीमन या इंग्रज अंमलदाराने १८४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नर्मदेच्या खोऱ्यातले वर्णन केले आहे. कोसच्या कोस पसरलेला गहू असा बुडाला की, लोकांनी तो कापण्याचेही कष्ट घेतले नाहीत. शंभर वर्षांनी, १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारतावर पुन्हा तशीच पाळी आली. हिमालयात तर दारुहळदीची रानेच्या राने आहेत. मग युरोप-अमेरिकेचा धडा गिरवून ती तोडावी, हा विचार कोणाच्याही मनात आला असता.

आग्रा कॉलेजातले प्राध्यापक करमचंद मेहता यांनी या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला. १९२३ च्या सुमारास त्यांनी काम सुरू केले आणि १९५० साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच्या मागे होते. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता. आपल्या मैदानात गहू फाल्गुन-चैत्रात निघतो. त्यानंतर वैशाख-ज्येष्ठाचे ऊन. त्या उन्हात बीजुके जगतात का? त्यांनी पाहिले, तर तांबडी बीजुके मरतात. काळी बीजुकेही त्या उष्णतेत कामातून जातात. ज्या थंडीने ती युरोपात रुजायला तयार होतात ती येथे नाही. म्हणजे मैदानातल्या काडावरून रोग पुढच्या वर्षी येत नाही. मग दारुहळदीवरून? शिमल्याकडच्या झुडपांवर नारिंगी वाट्या दिसतात खऱ्या. पण त्यांतली बीजुके गव्हावर टाकून पाहिली तर गव्हाला तांबेरा होईना. तो रानगवतावरच्या निराळ्या बुरशीचा खेळ होता.

मग रोग येतो कोठून? मेहतांनी डोंगर धुंडाळले. हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांत हवा वर्षभर थंड. तेथे अवेळी घेतलेल्या गव्हावर आणि सांडलेल्या दाण्यांतून उगवलेल्या ताटांवर तांबडी बीजुके उन्हाळाभर जिवंत राहतात, आणि पेरणीनंतर वाऱ्याने मैदानात उतरतात. ठिकठिकाणी वाऱ्यात काचपट्ट्या ठेवून त्यांनी बीजुकांचा माग काढला. पुढे १९७० नंतरच्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाच्या नोंदी ताडून दाखवले की, कार्तिक-मार्गशीर्षात बंगालच्या उपसागरात वादळे उठतात, त्यांच्या वाऱ्यावर निलगिरीकडची काळ्या तांबेऱ्याची बीजुके मध्य भारतावर येतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात. नर्मदेच्या गव्हाचा शत्रू बांधावर नव्हताच. तो शेकडो कोसांवरून ढगांत बसून येत होता.

पाहा, मेहतांनी द बारीला खोटे ठरवले नाही. युरोपात द बारीचे म्हणणे खरेच आहे. पण तेथले सत्य येथे तसेच्या तसे लावले असते, तर हिमालयाचे उतार उघडे पडले असते, वैद्यांचे औषध गेले असते, आणि गव्हावर तांबेरा दरसाल येतच राहिला असता. बुरशी तीच, गहू तोच, झुडूप त्याच गोतातले. पण ऊन निराळे होते, आणि त्या उन्हाने सगळा निकाल फिरवला. विलायती ग्रंथात दिलेला उपाय आपल्या मातीत उतरवण्यापूर्वी आपले ऊन-पाऊस तपासावे, एवढे या कथेतून घेतले तरी पुष्कळ झाले.

मग आपण तांबेऱ्यावर उपाय केला तो कोणता? रोगाला दाद न देणारा गहू शोधण्याचा. यात आपल्या सातारा-सांगलीकडच्या खपली गव्हाचा मान मोठा आहे. सणाला पुरणपोळीसाठी आपण जी खपली हौसेने आणतो, तीच. स्टॅकमन यांनी तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा जाती निवडल्या होत्या. कोणत्या जातीवर रोग पडतो आणि कोणत्या जातीवर पडत नाही, यावरून वंश ठरवायचा. त्या बारांत भारतातून नेलेली खपली होती, आणि 'खपली' याच नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. तिच्यातले तांबेऱ्याला रोखणारे गुण पुढे संकराने इतर गव्हांत उतरवले गेले. याच स्टॅकमन यांचे तांबेऱ्यावरचे एक व्याख्यान ऐकून वनविद्येचा एक विद्यार्थी वनस्पतींच्या रोगांकडे वळला. त्याचे नाव नॉर्मन बोरलॉग. त्यांनी मेक्सिकोत तांबेऱ्याला तोंड देणारा ठेंगणा गहू तयार केला आणि १९६० नंतरच्या दशकात तो आपल्याकडे आला. व्याख्यानांनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

पण खटला निकालात निघाला, असे मात्र समजू नका. १९९८-९९ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा वंश सापडला. ज्या गुणावर जगातले पुष्कळ गहू विसंबून होते तो त्याने निष्प्रभ केला. २०१० साली असे सिद्ध झाले की, पिवळ्या तांबेऱ्याचे दुसरे घरही दारुहळदच आहे. शंभराहून अधिक वर्षे ते घर कोणाला सापडले नव्हते. म्हणून मेहतांनी दिलेला निकालही अधूनमधून नव्याने तपासत राहिले पाहिजे. इंग्लंडात आता उलटी अडचण आहे. दारुहळदीच्या पानांवरच जगणारा एक पतंग तेथे नामशेष होऊ लागला आहे, म्हणून पतंगप्रेमी तेच झुडूप पुन्हा लावीत आहेत, आणि गव्हाचे जाणकार ते शेतापासून दूर लावा म्हणून विनवीत आहेत.

आणि आपल्याकडे? तांबेऱ्याच्या आरोपातून आपली दारुहळद सुटली, पण औषधाच्या मागणीतून सुटली नाही. फळ तोडले तर झुडूप राहते. पान तोडले तरी राहते. पण बाजाराला हवे असते ते मूळ, आणि मूळ खणले की झुडूप संपते. ते पुन्हा वाढायला वर्षे लागतात. हिमालयात कित्येक ठिकाणी अरिस्टाटा विरळ होत चालली आहे. जे काम कायद्याने आणि कुदळीने अमेरिकेत मुद्दाम केले, ते आपण येथे लोभाने, न कळत करीत आहोत. उपाय अवघड नाही. लागवड करावी, आणि रानातून घ्यायचेच तर मूळ सगळे न काढता थोडे जमिनीत ठेवावे. तेव्हा यापुढे दुकानातून दारुहळद घ्याल, तेव्हा ती लागवडीतली आहे की रानातून खणून आणलेली, एवढा एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारा. पहिल्यांदा तो आपल्या तोंडाकडे पाहील. पुष्कळांनी विचारला, तर पुढे तोही आपल्या व्यापाऱ्याला विचारील.

घरी जाताना करवंदांचा एखादा द्रोण जरूर घ्या. खाताना जाळीतल्या काट्याची आठवण ठेवा, आणि तो काटा झाडाने कशाचा केला आहे ते मुलांना विचारा.